अर्थ नसलेली प्रार्थना

१२ जून, क्योतो

गेममधल्या देवळाच्या काचा युरोपातल्या चर्चच्या. घंटा आपल्या जपानी बौद्ध मठातली. देवीचे हात भारतातून आणले — सहा! आमचे दिग्दर्शक कुरामोची-सान खूश. "सगळ्यांचे देव एका पातेल्यात उकळा. मग कुणाचीच तक्रार येत नाही."

गेमची कथा मी लिहिते. आता देवळातल्या पुजाऱ्यांना गाणं हवंय. कुरामोची-सान मला म्हणाले, "तुमच्या बेटावर ते ख्रिस्ती म्हातारे काहीतरी पुटपुटतात ना? तेच आणा."

१३ जून

पुटपुटतात! बंदीच्या काळात अडीचशे वर्षं धर्म लपवून ठेवला, मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून पुटपुटतात. मूळचे लॅटिन शब्द तोंडोतोंडी इतके झिजले की अर्थ कुणालाच ठाऊक नाही. आम्ही त्या प्रार्थनेला ओराशो म्हणतो. आमच्या वाडीत आता एकट्या दादालाच तो पूर्ण येतो. त्याचा मुलगा शोहेई फुकुओकात ट्रक चालवतो. शिकायचं नाव काढत नाही.

१६ जून

दादाला फोन केला. मागे बोटीचं इंजिन.

"गेममध्ये? राक्षस मारतात त्यात?"

"देवळात, दादा. तिथं मारामारी नसते."

"ओराशो वसंतातल्या उपासात शिकायचा. एरवी शिकवायचासुद्धा नाही. आणि तू विकायला निघालीस?"

"नाहीतर तो तुझ्याबरोबरच जाणार —"

"जाऊ दे. तेवढीच मला सोबत."

१७ जून

नकार कळवला. कुरामोची-सान शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच रचा. अर्थ नको. नुसते आवाज."

२० जून

रचलं. चहा निवायच्या आत!

४ सप्टेंबर

आज ध्वनिमुद्रण. गायकांनी सूर लावला आणि मी कानांवरचे हेडफोन काढले. हे माझं नाहीच, ओराशोच आहे. लहानपणी आतल्या खोलीत वडील, काका, दादा ओराशो म्हणायला बसायचे. पुढ्यात साकेचे पेले आणि कच्च्या माशाचे काप. बायकांना हे शिकवत नसत. मी दाराबाहेर शेंगा सोलत असे. शिकले काहीच नव्हते. कानात मात्र साठत गेलं होतं.

"काय झालं?" कुरामोची-साननी विचारलं.

"काही नाही. जरा सावकाश गाऊ द्या."

काढून टाकता आलं असतं. टाकलं नाही. दादाला कळलं तर तो पुन्हा बोलेल का माझ्याशी?

७ डिसेंबर

गेम बाजारात आला. लोक तर्क लढवताहेत — गाणं तिबेटी आहे, ज्यूंचं आहे. ब्राझीलचा एक जण लिहितो, माझी आजी असंच काहीसं म्हणायची.

शोहेईचा निरोप: "आत्या, मी घेतला! नव्या वर्षाला बेटावर नेतो, बाबांना दाखवतो."

नको, असं लिहिलं. खोडलं. "बरं," लिहिलं.

३ जानेवारी

दादाचा फोन. उचलताच मी माफी मागायला लागले.

"थांब. दुसऱ्या ओळीत घाई केलीस. आणि शेवटचं वळण आपलं नाही, तुझं आहे."

मी दुसरी ओळ पुटपुटून पाहिली.

"पोरगं सकाळपासून बोट धुताना तेच म्हणतंय. तुझ्या सगळ्या चुकांसकट! उपासाला ये. दोघांना एकदमच शिकायला बसवतो."