मांडवामागची रानकोंबडी

बाबा, तुझ्या नातीचं लग्न झालं. २०१८च्या वैशाखात, आपल्याच पाड्यावर, तू शेणाने सारवायचास त्या अंगणात. तू तिला पाहिलं नाहीस, ती व्हायच्या कितीतरी आधीच तू गेलास. पण लग्नाच्या त्या दोन दिवसांत पाड्यावर जितकं तुझं नाव निघालं, तितकं नवरदेवाचंही निघालं नसेल. ते तुला कळायला हवं असं मला राहूनराहून वाटतं, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. तरी लिहिते.

तुझी शिकार सगळ्यांची संपली की सुरू व्हायची. होळीच्या आसपास पाड्यावरचे सगळे पुरुष रानकोंबड्यामागे जायचे आणि हात हलवत परत यायचे. तू ओट्यावर बसून बिडी ओढायचास आणि म्हणायचास, "आता त्याच्या आजूबाजूला कोंबड्या आहेत. तुमच्या हाकेला तो कशाला येईल?" चैत्र सरायला लागला की एकेक कोंबडी झुडपाखाली अंड्यांवर बसायची आणि कोंबडा एकटा पडायचा. तोवर बाकीचे कंटाळून गेलेले असायचे. तू मात्र पहाटे अंगणात उभा राहून ऐकायचास. झाडावरून खाली उतरल्यावरही कोंबडा आरवतच राहिला की तुझा चेहरा उजळायचा. "बसल्या," असं तू म्हणायचास, जणू आपल्याच घरातली कुणी बाळंतीण झाली आहे. मग मला उठवायचास.

मी तुझ्यामागे चालते आहे. तू एका ऐनाच्या खोडाला पाठ टेकून बसतोस, मला शेजारी बसवतोस. दोन बोटांनी सागाचा वाळका पाला खरवडतोस, थांबतोस, पुन्हा एकदा खरवडतोस. मग घशातल्या घशात कोंबडीचा तो हळू, लाडिक आवाज काढतोस. एवढा दांडगा माणूस, मिशीवाला, आणि आवाज असा की मला हसू आवरत नाही. "गप," तू म्हणतोस, "हसलीस तर कोंबडा तुझ्याशी लग्न करील." यावर मी आणखीच हसते. त्या दिवशी कोंबडा येत नाही आणि घरी जाताना तू मला खरंच रागावतोस. "शिकार पोटासाठी असते," तू म्हणालास, "खेळ करायचा असेल तर घरी बस." दुसऱ्या दिवशी मात्र तूच मला तो आवाज शिकवायला बसलास. जीभ कुठे ठेवायची, श्वास कुठे सोडायचा. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पोरीला हे शिकवून काय करणार?" तू म्हणालास, "सासरी करमलं नाही तर करमणूक होईल."

आणि मामाची ती सकाळ! तू पाला खरवडलास आणि ओढ्यापलीकडून कोंबड्याने जबाब दिला. तू पुन्हा आवाज काढलास, तो पुन्हा बोलला. तू पोटावर सरपटत पुढे, तुझ्यामागे मी. करवंदीचे काटे लागतायत, पण तू थांबत नाहीस. कोंबडाही जवळ येतोय. शेवटी तू धनुष्याला तीर लावलास, झुडूप हळूच बाजूला केलंस, आणि समोर मामा! तोही पोटावर, त्याच्याही धनुष्यात तीर. एकमेकांना कोंबडा-कोंबडी समजून तुम्ही सगळी सकाळ घालवली होती. क्षणभर दोघांचेही चेहरे पांढरे पडले. मग मामा म्हणाला, "भाऊजी, तुमच्याइतकी गोड कोंबडी मी जन्मात ऐकली नव्हती." तू हसत हसत तिथेच पाल्यात लोळलास. घरी येईपर्यंत तुझ्या पोटात दुखत होतं.

मी लग्न होऊन आशागडला आले. आता डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात फुगे मोजून पाकिटात भरते. जेवणाच्या सुट्टीत बायका म्हणतात, "ताई, कोंबडी काढ," आणि मी काढते. करमणूक होईल म्हणाला होतास, ती झाली. पोरीने लहानपणापासून तुझ्या गोष्टी ऐकल्या. लग्न ठरलं तेव्हा तिने हट्टच धरला, हॉल नको, मामाच्या पाड्यावर करायचं. तिचा मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला तर आनंदच झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो घरामागच्या बांबूच्या बेटाखालची जागा साफ करत होता. तिथे स्वयंपाकाच्या चुली मांडायच्या होत्या. एकाएकी कोयता थांबला आणि त्याने मला हाताने खुणावलं. मी जवळ गेले. पाल्याच्या रंगाचीच एक रानकोंबडी, पाल्यातच बसलेली. डोळा तेवढा आमच्यावर रोखलेला. कोयता तिच्यापासून हातभर अंतरावर होता, पण ती उठली नाही. "ताई," भाऊ कुजबुजला, "अंड्यांवर आहे. आता काय करायचं?"

चुली हलवायच्या म्हणजे पाणी लांब पडणार होतं. स्वयंपाकाच्या बायका कुरकुरल्या. पोरांनी डीजेची गाडी नेमकी त्याच बाजूला लावायची ठरवली होती. "एका कोंबडीपायी लग्न मुकं करायचं का?" एकाने विचारलं. मलाही वाटलं, मुलाकडचे चारोटीकडून येणार, त्यांना काय वाटेल? तेवढ्यात लग्न लावणारी म्हातारी धवलेरी काठी टेकत मागे आली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हिचं लग्न आधी लागलंय, तुमचं उद्या आहे. जागा तिची." विषय संपला. चुली फणसाखाली गेल्या, डीजे शाळेच्या मैदानावर गेला आणि नवरीने स्वतः, अंगाला हळद लागलेली असताना, बांबूभोवती साडी बांधून आडोसा केला.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड आलं, चहा झाला, आणि डोंगराच्या उतारावरून कोंबडा आरवला. एकटाच, थांबायचं नाव नाही. माझा मामा आता पार वाकलाय, कानालाही कमी ऐकू येतं, पण ते त्याला ऐकू आलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भाची, बोलाव त्याला. बापासारखं बोलाव." मुलाकडच्या एका काकांनी खिशातून गलोल काढली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "येईल का हो जवळ?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा, तू असतास तर तो कोंबडा तू घेतला असतास. कोंबडी बसली की पिल्लांना त्याची गरज नसते, हे तूच सांगायचास. पण आता रान उरलंय किती आणि कोंबडे किती? शिकारीला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. नव्या व्याह्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं, हे मात्र मला सुचेना. मामाच पुढे झाला. त्याने काकांच्या हातून गलोल अलगद घेतली, स्वतःच्या टोपीत टाकली आणि टोपी डोक्यावर चढवली. "पाहुणे," तो म्हणाला, "आज फक्त बघायचं. पाहुण्याला मारत नाहीत." काका आधी ओशाळले, मग सगळ्यांबरोबर हसले.

मी नव्या साडीत अंगणाच्या कडेला बसले. पाला खरवडला, थांबले, पुन्हा खरवडला. पहिला आवाज फाटला, दुसरा लागला. आणि तो आला! उतारावरून धावत, मान पुढे काढून, शेपटीचं ते काळंनिळं पीस उन्हात लखलखत. अंगणाच्या कडेला येऊन थबकला. समोर फेटे, साड्या, हळदीची माणसं. त्याने एक पाय वर उचलला तो तसाच धरून ठेवला, तुला आठवतं ना, तसा. माझी लेक मुंडावळ्यांआडून बघत होती, दोन्ही हात तोंडावर. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि तो फडफडत बांबूवरून पार गेला. वऱ्हाडाने अशा टाळ्या वाजवल्या की शाळेवरच्या पोरांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी डीजे सुरू केला. मग मुहूर्ताआधीच सगळे नाचले. धवलेरीसुद्धा.

कोंबडी सगळा गोंधळ सोसून बसून राहिली. लेक सासरी रुळली नाही तोच एका दुपारी भावाचा फोन आला. मी कारखान्यात होते. "ताई, निघाली. पिल्लं मागे घेऊन ओढ्याकडे गेली. केवढी पिल्लं, ताई!" मी तिथेच ओरडले. कारखान्यातल्या बायकांना वाटलं मी आजी होणार. मीही त्यांना पटकन काही सांगितलं नाही, सगळ्यांना गूळ वाटला.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तू असतास तरी दाखवलं नसतं, तोंडानेच सांगितलं असतं. फक्त एक गोष्ट आहे, जी मी तुझ्या नातीलाही सांगितली नाही. तो कोंबडा उडून गेला, टाळ्या वाजल्या, सगळे मला शाबासकी द्यायला आले, आणि मी उठताना पाहिलं तर माझ्या उजव्या मुठीत एक दगड होता. चांगला गोल, हाताला बसणारा. तो मी कधी उचलला, मला आठवत नाही.