तांबड्याची राखण

पोखरणच्या अलीकडं, एका ढाब्यावरून
१९ मे २०२५

तीर्थस्वरूप रत्नावहिनींना धाकट्या गोरखचा नमस्कार.

हितं आमी बरे हाय. तुमी, आई आन् तुमची शिवानी बऱ्या असाल. शेरडांना पाला मिळतोय का? वेल्ह्याच्या बाजारातनं खडेमीठ आणायचं ऱ्हायलं व्हतं, तेवढं बघा.

ह्यो कागद चिमाजीकाका तुमच्या हातात देतील. ते हितवर संगंच हायेत, पोखरणातनं आगगाडीनं म्होरं जातील. मी माऊलीच्या टेम्पोतनंच मागनं येतोय, तांबड्याला घेऊन. माऊली भोंगवलीचा. सोलरच्या साइटवर सामान टाकून मोकळाच परत चालला व्हता. म्हणला, "बस की, कुत्र्याचं कोण भाडं घेतंय?"

वहिनी, हितं जिकडं बघाल तिकडं वाळूच. आपल्याकडं पावसाळ्यात धडुती वाळत न्हाईत म्हणून तुमी करवादता. हितं टॉवेल पिळेस्तवर कोरडा व्हतोय. दिवसभर टेम्पो चालतोय आन् भाईर तेच ते दिसतंय. मला काय वाटंना झालंय. भूक न्हाई, झोप न्हाई. माऊली म्हणतो, रड की लेका एकदा. आता येतच न्हाई तर काय करू?

तांबड्या मागं हौद्यात बसलाय, दादाच्या घोंगडीवर. वर ताडपत्री बांधलीया. पाणी पितो, पर भाकरीला तोंड लावत न्हाई. काल म्या चिडून म्हणलं, "मर मग उपाशी, लाडोबा!" त्यानं नुसतं बघितलं आन् तोंड फिरवलं. सोलरवाल्यांना कुत्र्यासकट राखणदार पायजे व्हता, म्हणून काका आन् मी कामाला आलो तसा ह्यो बी दादासंगं आला. न्हाईतर ह्याला कशाला बघायला मिळतंय राजस्थान!

दादा वाट चुकलाय, शोधायला चाललोय, एवढं काकांनी तुमाला फोनवर सांगितलं व्हतं. मागनं तुमचा फोन आला, म्या 'सापडला' एवढंच म्हणलं. तुमी म्हणालात, "सापडले ना? मग ह्यांना द्या की फोन." म्या फोन बंद केला. रेंज व्हती, वहिनी. वर तुमच्या नावाला 'सौ.' लावलं न्हाई, ते बी इसरून न्हाई.

दादा गेला.

सुट्टीच्या दिशी तांबड्याला घेऊन लांबच्या एका वस्तीवर मेंढरं बघायला निघाला व्हता. मेंढरांचा वास आला न्हाई तर झोप लागत न्हाई, म्हणायचा. वाटंत धुळीचं वादळ उठलं आन् पायवाट पुसून गेली. तितले मेंढके सांगत व्हते, हितं चुकलं की झाडाखाली बसून ऱ्हायचं, लोक शोधत येत्यात. पर दादाला ते कसं ठावं असणार? आपल्यात लहानपणापासनं काय सांगत्यात? रानात चुकलास तर उताराला लाग, खाली ओढा घावंल, ओढ्याकाठनं गाव घावंल. दादा उताराला लागला. त्याची पावलं सरळ खाली गेली व्हती, कुठंबी वळली न्हाईत. खाली मिठाची सपाटी निघाली. ओढा कुठला आन् काय.

दुसऱ्या दिशी सकाळी आमाला आधी तांबड्या दिसला, एका खेजडीच्या झाडाखाली. त्याचे पाय भाजले व्हते, म्हणून दादानं त्याला तितं ठेवलेला. घोंगडी आंथरली, डब्याच्या झाकणात उरलंसुरलं पाणी ओतलं आन् म्होरं गेला. काका म्हणले, तेवढं पाणी हैबतीनं सोता प्यायचं व्हतं. मला तांबड्याचा राग येतो, खरंच सांगतो. मग त्याचे पाय दिसत्यात.

तुमाला ठावंच हाय, दादानं घोंगडी टाकून "राखण" म्हणलं की ह्यो कुणाच्या बापाला हात लावू देत न्हाई. दादा येऊन घोंगडी उचलंल तवाच उठणार आन् तवाच खाणार. म्या उचलाय गेलो तर मनगटाला चावला. मग आमी त्याला घोंगडीसकट पुठ्ठ्यावर सरकवला आन् चौघांनी धरून टेम्पोत चढवला. साइटवरचे लोक हसले. हसू द्यात.

अग्नी म्या दिला, तुमाला न इचारता. तितल्या उन्हात दादाला घरापत्तोर आणण्यासारखं नव्हतं. माझ्यावर राग धरायचा तर धरा. अस्थी काकांजवळ हायेत. आईला तेच सांगतील, तुमी तेवढं तिच्याजवळ बसा.

आन् एक काम हाय, ते तुमच्याबिगर व्हायचं न्हाई. दादाच्या माघारी तांबड्या ऐकंल तर तुमचंच. पिल्लू व्हता तवापासनं तुमच्या हातचं खाल्लंय त्यानं. त्याला आणून घोंगडीसकट अंगणात ठेवतो. घाई करा असं कसं म्हणू? पर त्याच्या बरगड्या दिसाय लागल्यात. मन घट्ट झालं की भाकरी घेऊन भाईर या आन् घोंगडी तुमी उचला. दादा यायचा न्हाई, हे मग त्याला कळंल. उठंल बिचारा.

मग मला बी रडू येईल, असं वाटतंय.

घोंगडी झटकू नका. तिच्यात तितली वाळू हाय.

घरात आता थोरला मीच, पर सही तशी करवत न्हाई.

तुमचा धाकटा दीर,
गोरख