कुंदा बिछायत केंद्राची दोनशे ताटं

दारव्हा,
१४ एप्रिल २००६

चि. दिगंबर यास,

कमलाकरचे अनेक आशीर्वाद. (एकतीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात कानपिळीला तू माझा उजवा कान इतक्या मनापासून पिळलास की त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं, तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही.) तुझी शुगर, सुलभाचे गुडघे आणि नागपूरचं ऊन या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम. सकाळी फिरायला जातो, बीपीची गोळी घेतो, आणि कोणी विचारलंच तर पटकन सांगता यावं म्हणून 'उत्तम' हे उत्तर तयार ठेवतो. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं भाऊजी, ठेवू?' म्हणतोस आणि मी जावई असल्यामुळे मला 'नको ठेवू' म्हणता येत नाही.

मी धंदा काढला हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्या दोन्ही घराण्यांत आजवर कोणी काही विकलेलं नाही; रद्दीसुद्धा आपण शेजारी झोपल्यावर देतो. पंचायत समितीत चौतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांवर 'सदर प्रकरण नियमात बसत नाही' असा शेरा मारला, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच एक असं प्रकरण केलं की ते कशातच बसत नाही. खरं कारण तुला म्हणून सांगतो. कुंदाला जाऊन पावणेदोन वर्षं झाली आणि तेव्हापासून तिचं नाव कोणी घेत नाही. श्रेयस दर रविवारी पुण्याहून फोन करतो, पण आईचा विषय निघाला की तो मला पुण्याची रहदारी समजावून सांगू लागतो. शेजारचे लोक 'वहिनी' म्हणता म्हणता गिळतात आणि पावसापाण्याचं बोलतात. मला वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प बसतात, आणि मला त्याचाच भयंकर राग येतो. या घरात तिचं पूर्ण नाव मोठ्यानं घेणारा एकच माणूस उरला आहे, तो म्हणजे गॅसवाला. गॅसचं कार्ड तिच्या नावावर असल्यामुळे तो फाटकातून 'कुंदा मुळावकर!' अशी आरोळी देतो. म्हणून मी हल्ली चहा फार करतो.

तर गेल्या वर्षी यवतमाळला उद्योजक व्हा असं सांगणारं एक दिवसाचं शिबिर होतं. मी गेलो तो दुपारचं जेवण चारचौघांत मिळेल म्हणून. बाकीचे बहुतेक कापसाला कंटाळलेल्या घरांतले, काहीतरी दुसरं शोधायला आलेले. पेन्शनवाला उद्योजक मी एकटाच. टाय लावलेल्या एका गृहस्थानं (त्या उन्हात टाय! मला त्याच्या गळ्याची काळजी वाटत होती) प्रत्येकाला उभं करून विचारलं, तुमचा माल दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा असेल? माझी पाळी आली तेव्हा मी जेवणात काय असेल याचा विचार करत होतो. तोंडातून निघून गेलं, मी पंगतीची भांडी भाड्यानं देईन आणि प्रत्येक ताटावर माझ्या बायकोचं नाव असेल. गृहस्थ म्हणाला, व्वा, याला म्हणतात कल्पना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिगंबर, साठाव्या वर्षी माणसासाठी कोणी टाळ्या वाजवल्या की त्याच्या हातून काहीही होऊ शकतं.

आणि कल्पना चूक नव्हतीच मुळी. तुझ्या बहिणीला पंगतीचं केवढं वेड होतं ते तुला ठाऊक आहे. ओळखीचं ना पाळखीचं, कोणाचंही लग्न असो, पदर खोचून वरणाची बादली हाती घेतल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. आता तिचं नाव दारव्हा तालुक्यातल्या प्रत्येक पंगतीत बसेल, या विचारानं मला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं. दोनशे ताटं आणली, गंज, पराती, बादल्या आणल्या, पुढच्या खोलीवर 'कुंदा बिछायत केंद्र' अशी पाटी लावली. देवीलाल म्हणून भांड्यांवर नावं टाकणारा आहे, तो ओसरीत मशीन लावून अकरा दिवस बसला. प्रत्येक ताटावर 'कै. सौ. कुंदा कमलाकर मुळावकर हिच्या स्मरणार्थ'. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काकाजी, नाव मांगून टाकतेत. मंधात कोनी टाकत नाई." मी त्याला सांगितलं की ही बाई जन्मभर मागेच उभी राहिली, आता मधोमध टाक. तो बिचारा मान हलवून कामाला लागला. ते अकरा दिवस फार छान गेले. दर ताटागणिक तो एकदा ओठांतल्या ओठांत नाव म्हणायचा, अक्षर चुकू नये म्हणून.

मुहूर्त मात्र मी नेमका धरला होता. कापसाचे भाव पडल्यापासून इकडे लग्नं आखडली आहेत. ज्या घरी हजार पान उठायचं ते घर आता कळंबला चिंतामणीपुढे पन्नास माणसांत उरकून मोकळं होतं, नाहीतर सामूहिक विवाहात नाव देतं, आणि तिथे सगळा कारभार पत्रावळींवर. सहा महिने माझ्या दुकानात फक्त मी येत होतो. दर गुरुवारी दोनशे ताटं पुसायची आणि परत रचायची. शेवटी फेब्रुवारीत रामराव म्हणून जवळच्याच गावचे एक शेतकरी आले. मुलगी अर्पिता, लग्न अंगणातच, माणसं दीडशे. त्यांनी वरचं ताट उचललं, त्यात मिशी पाहिली, आणि ठरलं म्हणाले. (वाचलं नाही. लोक काही घेताना वाचत नाहीत हा चौतीस वर्षांचा अनुभव मी विसरलो.)

भांड्यांबरोबर मालक जात नाही, हमाल जातो. मी कपड्यांना इस्त्री करून गेलो. पहिली पंगत मुलाकडच्यांची बसली. आलूवांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. आणि सगळ्याच्या खाली माझी कुंदा. मी खांबाला टेकून उभा. कोणाचं ताट आधी रिकामं होतं, पहिलं कोण वाचतं, याकडे डोळे लावून. आमच्या लग्नातसुद्धा माझी छाती एवढी धडधडली नव्हती. मान मिळाला तो मुलाच्या आईला, भागीरथाबाईंना. त्यांनी भात संपवला, बुंदीचे चार दाणे बोटानं बाजूला सारले, आणि अक्षर अक्षर लावत पुरतं नाव मोठ्यानं वाचून काढलं. मग त्या ओरडल्या, "माय वं! हे लगन हाय का तेरवी?"

पुढे काय झालं ते तू डोळ्यांपुढे आण. पन्नास माणसं एकदम आपापला भात सारून खाली काय आहे ते पाहू लागली. ज्यांना दिसलं ते दचकले, ज्यांना दिसलं नाही ते शेजारच्याच्या ताटात डोकावले. एका शहाण्यानं आणखी भात मागवून नाव झाकलं आणि तो जेवत राहिला; त्या पंगतीत डोकं ठिकाणावर असलेला तेवढाच एक. मुलाचे मामा अपशकुन या विषयावर बोलायला उभे राहिले. रामराव धावत माझ्याकडे आले. "काकाजी, हे काय करून ठेवलं तुमी? मले सांगाले पाह्यजे होतं ना!" त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसरी पंगत गावातून आणलेल्या पत्रावळींवर बसली. (अर्पिता सासरी सुखात आहे. मी तीनदा चौकशी केली.) मला लाज वाटली, खूप वाटली. पण तुझ्यापासून काय लपवायचं, लाज वाटायच्या आधी मला आनंद झाला होता. पन्नास माणसं एकाच वेळी माझ्या बायकोचं नाव घेत होती.

बातमी आठ दिवसांत तालुकाभर झाली आणि माझा धंदा एकदम सुरू झाला. फक्त तेरवीचा. कोणाच्याही घरी तेरवी असली की ताटं मुळावकर काकांचीच. लग्नाच्या घरून मला कोणी हाक मारीना, उलट मी रस्त्यानं दिसलो की मुलीचे बाप गल्ली बदलू लागले. आमच्या ऑफिसातला शंकरसिंग हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडला होता, त्याला भेटायला मोसंबी घेऊन गेलो, तर मला दारात पाहून तो उठून बसला. म्हणाला, "तू कायले आला? मी बरा होऊन राह्यलो ना बाप्पा!" त्याच्या बायकोनं मोसंबी घेतली, पण चहाचं विचारलं नाही. असा मी जिथे जाईन तिथे लोकांची प्रकृती सुधारत चालली, आणि माझ्याशी बोलायला पूर्वी जे चारजण थांबायचे तेही थांबेनासे झाले.

एकच दिवस चांगला गेला, तोही सांगतो. तांड्यावरच्या लखीरामनं वडिलांच्या तेरवीला ताटं नेली होती. मी नेहमीप्रमाणे मागोमाग गेलो. तिथे त्याची आत्या होती, बसंतीबाई, ऐंशीच्या घरातली. वाचता येत नव्हतं. जेवण झाल्यावर तिनं नावावरून बोट फिरवलं आणि हे काय लिहिलंय म्हणून मला विचारलं. मी वाचून दाखवलं. म्हणाली, कोण होती? मी म्हटलं, माझी बायको. त्यावर ती सरकून बसली आणि म्हणाली, "कशी होती? सांग."

दिगंबर, पावणेदोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिथे शेणानं सारवलेल्या अंगणात मांडी घालून तासभर बोललो. ती रागावली की भाजीत मीठ कसं विसरायची, मला ऑफिसात उशीर झाला की फाटकाशी उभी राहून मी दिसताच घरात कशी पळायची, शेवटच्या आजारात माझ्याच जेवणाची काळजी कशी करायची, सगळं. भाऊ गेलेली ती म्हातारी ऐकत होती आणि मधूनमधून 'हाव' म्हणत होती. मी उठलो तेव्हा ती सुनांना ओरडून म्हणाली, "कुंदाबाईचे ताटं हायेत, नीट धुवा!" परत येताना टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसून रडलो. त्यानं मुकाट्यानं गाणी बंद केली.

असो. आता केंद्र बंद करतो आहे. नावं घासून टाका असं सगळेच सांगतात, श्रेयसही सांगतो. एक ताट देवीलालकडून घासून आणलंही. फार सुंदर चमकलं, आणि ते कोणाचं आहे हे मला ओळखता येईना. बाकीची घासवली नाहीत. थोडक्यात, उद्योजक म्हणून मी समाधानी आहे, मला कशाची उणीव नाही आणि तुमच्याकडून काहीही नको आहे. माझी मुळीच काळजी करू नये. सुलभाला व मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा,
कमलाकर

ता. क. — ताटं येत्या सोमवारी मुकुटबनकडच्या एका आश्रमशाळेत जाणार. नावाचं मी आधीच सांगितलं, तर तिथले मास्तर म्हणाले की पोरं जेवताना वाचत नाहीत. मला जरा वाईट वाटलं, पण दिली. म्हणजे सोमवारनंतर माझ्याजवळ एकही ताट नसेल, हे कृपया लक्षात घ्यावं.

आणखी एक — तुझी यवतमाळची पुतणी गुंजन गेल्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता म्हणाली, "ऋचाच्या लग्नात भेटूच, काका," आणि एकदम गप्प झाली. मग मीच तिला पावसापाण्याचं विचारलं. तुझ्या मुलीचं लग्न मेमध्ये आहे आणि पत्रिका यवतमाळपर्यंत आली आहे, हे मला त्यावरून कळलं. ती पत्रिका दारव्ह्याला का आली नाही हेही कळलं. तुला, सुलभाला आणि विशेषतः मुलाकडच्यांना माझ्या ताटांची भीती वाटत असेल, आणि मी रागावलेलो नाही. (रागावलो होतो. चार दिवस. म्हणून पत्राला उशीर झाला.) मी रिकाम्या हातानं येईन. हवं तर मंडपाच्या दारात माझी पिशवी तपासायला कोणी उभा कर.

शेवटचं — पत्रिका छापून संपल्या असतील तर नुसता फोन केलास तरी चालेल. मला मानाचं पान नको, कोपऱ्यात बसव. फक्त सगळे जेवायला बसले की केव्हातरी, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, 'आज कुंदाताई पाहिजे होती' एवढं म्हण. मी सांगितलं म्हणून तू म्हणतो आहेस हे मला ठाऊक असेल. तरी म्हण.