वादळचं काय झालं याच्याशी मला कर्तव्य नाही

२ नोव्हेंबर, रविवार. वाढदिवस.

आज तेरा पूर्ण. बालवाङ्मय कायमचं बंद. रात्री जेवताना तसं जाहीर केलं. बाबा 'बरं' म्हणाले आणि मीठ मागितलं. आई म्हणाली, मग ते कपाट रिकामं कर, मला चादरी ठेवायला जागा नाही. माणसाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ होतेय आणि यांना चादरी.

'दीपगृहाची चौकडी'चे सगळे भाग शेंडेफळाला देऊन टाकले. शेंडेफळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय आठ, अक्कल त्याहून कमी. देताना छोटंसं भाषण केलं. तो म्हणाला, ताई, बाजूला हो, टीव्ही दिसत नाहीये.

अकराव्या भागाच्या शेवटी चौकडीचा कुत्रा, म्हणजे वादळ, तोंडात दोर धरून समुद्रात उडी मारतो, मोठी लाट येते आणि पुस्तक संपतं. बारावा भाग अजून यायचाय. कुत्रा जगला की मेला, मला काय त्याचं. सहज लिहून ठेवलं.

संकल्प: यापुढे फक्त मोठ्यांच्या कादंबऱ्या. बाबांच्या शेल्फवरची सगळ्यात जाड उचलली.

४ नोव्हेंबर

जाड कादंबरी, पान ९. एक माणूस खिडकीशी उभा आहे. अतिशय सकस लेखन. लेखकाला घाई म्हणून नाही. मध्ये डोळा लागला, पण तो पी.टी.च्या तासामुळे.

५ नोव्हेंबर

भाषेच्या बाईंनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख मागितले. मी लगेच हात वर केला. विषय: बालसाहित्यातील थापा. बाई म्हणाल्या, लिही, पण जरा मायेनं लिही. माया कसली! इथे चिरफाड हवी.

मुद्दे डोक्यात तयार आहेत. चौकडीचे आईबाप पहिल्या पानावर परगावी जातात ते शेवटच्या पानावर उगवतात. इथे मी गच्चीवर निघाले तरी आई विचारते, कुठे, कशाला, आणि जातेच आहेस तर वाळलेले कपडे आण. बोगद्यात तीन-तीन दिवस अडकून चौघांपैकी एकालाही शू लागत नाही. चोर आपला बेत मोठ्यांदा, सविस्तर सांगतात, तेही नेमकं ज्या झुडपामागे मुलं बसलीत त्याच्यासमोर उभं राहून. प्रत्येक चोराच्या गालावर व्रण. म्हणजे गाल चांगला असलेल्या माणसाने चोरी करायचीच नाही का?

आणि वादळ! कुत्र्याचं नाव वादळ ठेवणाऱ्या लेखकाने जन्मात कुत्रा पाळलेला नाही. याला नकाशा कळतो, भरती-ओहोटी कळते. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला स्वतःची शेपटी ओळखता येत नाही. असा खोटा कुत्रा मेलाच पाहिजे. मेला असेल असं वाटत नाही. पण मेलाच पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

आत्या आली. वाढदिवसाची भेट घेऊन, उशिराने. कागद फाडला तर बारावा भाग. कोरा करकरीत. तिने दुकानदाराला महिनाभर आधी सांगून ठेवला होता म्हणे.

खोलीत सगळे बसलेले. आई गालात हसत होती. तेव्हा मी शांतपणे म्हणाले की आत्या, मी आता या पुस्तकांच्या पुढे गेलेय, शेंडेफळाला दे. आत्या म्हणाली, अगं बाई, इतकी मोठी झालीस? मी म्हणाले, हो. शेंडेफळाने पुस्तक हिसकावलं आणि धूम ठोकली.

हात दाखवून अवलक्षण, असं आई नंतर म्हणाली. आईला तत्त्व वगैरे कळत नाही.

पुस्तक देण्यापूर्वी फक्त वास घेतला. शाई हलक्या दर्जाची.

१० नोव्हेंबर

लेखासाठी बारावा भाग चाळणं आवश्यक आहे. समीक्षकाला घाणीत हात घालावाच लागतो. शेंडेफळ आंघोळीला गेल्यावर त्याचं दप्तर, गादी, खेळण्यांचा खोका पाहिला. पुस्तक घरात नाहीच.

कसून चौकशी केली. कळलं ते असं. शेंडेफळाने टोळी काढलीय. प्रमुख आहे खालच्या मजल्यावरच्या शिंप्याची मुलगी, वय नऊ, पुढचे दोन दात गायब. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. बाकी औषधवाल्याचे जुळे. पुस्तक टोळीच्या मालकीचं आणि कॅप्टनच्या ताब्यात. परवापासून रोज संध्याकाळी जिन्याखाली एक प्रकरण, मोठ्याने. टोळीबाहेरच्यांना प्रवेश नाही. मी खूप हसले. नंतर विचारलं, मोठ्या बहिणींनाही? म्हणाला, त्यांना तर नाहीच.

११ नोव्हेंबर

नवी योजना. निळा स्कर्ट घेऊन शिंप्याकडे गेले. काहीतरी काम सांगायचं आणि तेवढ्यात पुस्तक हेरायचं. दुकानात कापडांचे ढीग, भाषेच्या बाईंचे शिवून झालेले कपडे खुंटीवर, पण पुस्तक कुठेच नाही. शेवटी दिसलं. स्टूल बुटकं म्हणून कॅप्टन पुस्तक खाली घेऊन बसली होती.

शिंपीकाका विचारत राहिले, स्कर्टचं काय करायचं. माझं लक्ष कॅप्टनच्या बुडाखाली. मी हो हो म्हणत गेले.

संध्याकाळी. स्कर्ट आता शेंडेफळाच्या मापाचा झालाय. आई जे बोलली ते लिहीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१३ नोव्हेंबर

जिन्यात बसून वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. जाड कादंबरी घेऊन कालपासून चौथ्या पायरीवर बसतेय. खालचं आपोआप ऐकू येतं, त्याला मी काय करणार?

कॅप्टनचं वाचन म्हणजे शिक्षा. एकेक अक्षर दगडासारखं उचलते. जोडाक्षर दिसलं की सरळ उडी मारून पुढे. आणि ऐन रंगात आलं की रखवालदार पाण्याचा पंप सुरू करतो. कान देऊन ऐकलं तरी पंपच ऐकू येतो. दोन प्रकरणं झाली, वादळचा पत्ता नाही. की तो गाळलेल्या वाक्यात होता?

१४ नोव्हेंबर

पकडले गेले. चूक माझी नाही. कॅप्टन वाचत होती की मुलं किनाऱ्यावर आली आणि वाळूवर त्यांना... आणि थेट खालच्या परिच्छेदावर गेली! माझ्या तोंडून निघालं, अगं वाळूवर काय? कशाचे ठसे? नीट बघ ना!

खालचं वाचन थांबलं. मग जिन्याच्या कठड्यावर चार डोकी उगवली.

कॅप्टनने अट सांगितली. ऐकायचं तर टोळीत यायचं. पण चौकडी भरलीय, चारच असतात. फक्त कुत्र्याची जागा रिकामी आहे.

मी तेरा वर्षांची आहे. ताठ मानेने वर निघून आले. घरात स्वाभिमान नावाची गोष्ट फक्त माझ्याकडे आहे. आईला सांगितलं तर ती आमटी ढवळता ढवळता एवढी हसली की गॅस बंद करावा लागला.

१५ नोव्हेंबर

अडला हरी गाढवाचे पाय धरी. अर्थात हा अडण्याचा प्रश्न नाही, लेखाचा प्रश्न आहे.

बोलणी केली. मी म्हणाले, मी वाचून दाखवते, जोडाक्षरांसकट. कॅप्टन म्हणाली, कुत्रे वाचत नसतात. मी म्हणाले, वादळ नर आहे. चालेल म्हणाली. नियम एकच: गोष्टीत वादळ आला की मी भुंकायचं. जुळे म्हणाले, आत्ता भुंकून दाखव. दाखवलं. शेंडेफळ म्हणाला, ताई, छान जमलं. त्याला माझा कधीच इतका अभिमान वाटला नव्हता, हे दिसत होतं.

१८ नोव्हेंबर

प्रकरण सात झालं. बोगदा झाला, व्रणवाला चोर झाला, बेत मोठ्यांदा सांगून झाला. सगळं माझ्या भाकिताप्रमाणे. एकदाही भुंकायला मिळालेलं नाही.

जाड कादंबरी फरशीवर बसायला बरी पडते.

लेखक नालायक आहे. असा कसा विसरतो माणूस? ज्याने चौघांचा जीव वाचवला त्याचं साधं नाव नाही. रात्री झोप आली नाही. भात जास्त झाला असेल.

२० नोव्हेंबर. आज शेवटचं प्रकरण.

झाल्या प्रकाराची नोंद करते. फार लिहिणार नाही.

आम्ही जिन्याखाली. पंप बंद ठेवावा म्हणून मी स्वतः रखवालदाराच्या विनवण्या केल्या होत्या. मुलं खडकावर उभी होती. धुकं. मोठा मुलगा हाका मारून थकला आणि घरी चला म्हणाला. मग धाकटीला काहीतरी ऐकू आलं. पुढचा शब्द जोडाक्षराचा. कॅप्टन अडली. यावेळी तिने उडी मारली नाही. बोट ठेवून ती तो शब्द लावत बसली. वादळचं नाव अजून आलंच नव्हतं.

मी भुंकले.

नीट, पोटातून, तीनदा. आणि मग रडायलाच लागले, ते काही केल्या थांबेना. शेंडेफळाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

वर पाहिलं तर जिन्याशी भाषेच्या बाई. हातात शिंप्याकडून आणलेल्या कपड्यांची पिशवी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

वाटलं, आता लेखाचं विचारणार. नाही विचारलं. एवढंच म्हणाल्या, सापडला का गं? मी मान डोलावली. कॅप्टन म्हणाली, अजून वाचायचंय. तेव्हा बाईंनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि सरळ फरशीवर बसल्या.

मी त्यांना अर्धी कादंबरी बसायला दिली. कुत्र्याने सरकायचं असतं.