अष्टपैलू भिंतीवर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे). भावोजींचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, मागे एका मालिकेत मीही खोकून खोकून मेलो, लोकांना फार आवडलं.

सध्या काय करतोस, असं विचारलंस. सध्या मी भिंतीवर असतो. झालं असं, की आमच्या नाटकात मी बाप. शेवटी मुलगी घर सोडून निघते, तेव्हा बापानं म्हणायचं, "जा, पण दार उघडं आहे." गेल्या महिन्यात एका प्रयोगात मुलगी दारातच राहिली आणि वाक्य निघून गेलं. आ वासून किती वेळ उभं राहणार? राजा, भिकारी, न्यायाधीश, सासू (हो, सासूसुद्धा, मिशीवर पाणी सोडावं लागलं होतं), जन्मभर इतकी सोंगं काढली, त्यातलं जे हाताला लागलं ते फेकलं. लागला न्यायाधीश. पोटच्या पोरीला मी सक्तमजुरी ठोठावली. प्रेक्षक हसून बेजार. पेपरात 'अष्टपैलू' म्हणून छापूनही आलं. कालपर्यंत मला 'सर' म्हणणारा दिग्दर्शक रंगपटात येऊन म्हणाला, "काका, आता आराम करा." काका झालो तेव्हाच समजलो. मुलीचं काम करणारी पोर मात्र आरशासमोर बसून रडत होती. म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण मला ओळखत नव्हतात."

मग त्याच दिग्दर्शकानं दया येऊन मालिकेत काम दिलं : वारलेले आजोबा. (पाठांतर नाही, म्हणाला.) फोटो काढला, चौकटीत बसवला आणि मला घरी पाठवलं. आता माझ्याखाली उभं राहून सगळं घर भांडतं, आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकतो. उत्तम काम होतंय, असं शेजारी म्हणतात. रंगभूमी मीच होऊन सोडली, असं सगळ्यांना सांगितलंय. तूही तेच सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : हिला यातलं काही माहीत नाही. ती समजते, मी मुद्दाम गंमत केली.

ता. क. दुसरा : सोडलीबिडली काही नाही. हातापाया पडून रविवारचा प्रयोग मागून घेतलाय. प्रॉम्प्टर ठेवायला निर्माता तयार नाही. तू येशील? विंगेत खुर्ची ठेवतो, गुडघ्यांना त्रास नाही. अडलो की जरा रागावूनच सांग. तुझी हाक ऐकू न आल्याचं सोंग मला आजवर एकदाही जमलेलं नाही.