दोन वर्षांचा वायदा

सोनगीर, ५ जानेवारी २०२५

चि. भूमिका हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

खान्देशातल्या मायबापांनो, आपल्या लेकरांच्या रक्तात सिकलसेलचा आजार शे आणि ते कुणाच्या खिजगणतीत नाही, अशी मी काल दोंडाईच्याच्या सभेची सुरुवात केली. मग तुझं नाव घेतलं. माझी पुतणी जळगावच्या प्रयोगशाळेत अशी गाडी घडवते आहे, जी निरोगी जनुक थेट पेशीच्या आत नेऊन पोचवील. दोन वर्षांत औषध दारात येईल, असं सांगितलं. टाळ्या थांबेनात. सुपडूची लेक ज्योती, तुझी शाळेतली मैत्रीण, सहा वर्षांच्या हेमांगीला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती. पोरीला तोच आजार. ज्योती डोळे पुसत होती.

घरी आलो, कुलूप काढलं, एकट्यापुरती खिचडी टाकली. तुझी काकू गेल्यापासून भाषण कसं झालं हे विचारणारं कुणी नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तू अजून भातात मीठ विसरतेस का?

तुझा अभिमान बाळगणारा,
नाना

जळगाव, १४ जानेवारी २०२५

ती. नानांना भूमिकाचा साष्टांग नमस्कार.

मीठ विसरते. आठवण करून द्यायला खोलीत दुसरं कुणी नाही.

नाना, दोन वर्षांत माझा प्रबंध लिहून होईल, असं मी दिवाळीत म्हणाले होते. औषध नव्हे. मी बनवते ते पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखा पदार्थ. तो जनुकाभोवती गुंडाळला जातो. ट्रकमध्ये केळी भरताना पाला घालतात तसं समजा: वाटेत घड सांभाळला पाहिजे आणि उतरवताना सुटला पाहिजे. माझा पाला सुटत नाही. सुटावा म्हणून बदल केला की पेशीची कातडीच फाटते. बुधवारी दहातल्या सात पेशी मेल्या. चार वर्षं हेच चाललंय. उंदरापर्यंतही काम पोचलेलं नाही. हे ऐकायला कुणी नसतं, तेव्हा मी पेशी ठेवलेल्या काचेच्या बशीशीच बोलते.

काल ज्योतीचा फोन आला. माझं औषध येणारच आहे म्हणून तिने हेमांगीच्या रोजच्या गोळ्या बंद केल्यात. औषध नाही, असं मी तीनदा सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, शिकलेली माणसं अशीच लाजतात. गोळ्या बंद राहिल्या तर पोरीचं दुखणं उसळेल. तुम्ही बोललात, तुम्हीच जाऊन सांगा.

रागावले असले तरी तुमचीच,
भूमिका

सोनगीर, १९ जानेवारी २०२५

चि. भूमिका हिस आशीर्वाद. रागावलीस ते बरोबर केलंस.

पत्र वाचलं आणि चप्पल घालून दोंडाईच्याला निघालो. चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून लोकांना खोट्या आश्वासनांवर चिडायला शिकवलं, आणि पुतणीच्या प्रबंधाचं औषध करून टाकलं. टाळी ऐकू आली की माझी जीभ आवरत नाही.

ज्योतीला तिच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. मी चुकलो, म्हणालो. तिने चहा दिला आणि विचारलं की नाना, माईकवर इतकं ठासून बोललात आणि आता असं पुटपुटताय, तर कुणी दाबलं तुम्हाला? औषध श्रीमंतांसाठी राखून ठेवलंय का? मी पुष्कळ समजावलं. पोरगी कोपऱ्यात गुडघे धरून बसली होती, दोन दिवस शाळेत गेलेली नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गोळ्या आजच सुरू करा म्हणतात. ज्योती म्हणते, भूमिका समोर येऊन सांगेल तरच.

आयुष्यभर माणसं माझं ऐकत आली. माझ्या खऱ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, असा हा पहिलाच दिवस.

हे पत्र ट्रकवाल्या रुपचंदच्या हाती देतोय. तो केळी भरायला तिकडेच निघालाय, आज संध्याकाळी तुझ्या दारात येईल. तुझ्या पेशी एक दिवस तुझ्यावाचून राहतील. उद्या पहिल्या एस.टी.ने दोंडाईच्याला ये, ज्योतीसमोर बस, औषध नाही हे तिच्या डोळ्यात बघून सांग, आणि गोळी हेमांगीला तुझ्या हाताने दे.

तिथल्या स्टँडवर थांबतो.
नाना