एकतीस धावांचा दिवस

कुंभारी, सोलापूर

प्रिय संघपाल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचा गुडघा नेहमीइतकाच कुरकुरतो आणि ते नेहमीसारखेच गोळी घ्यायला विसरतात. फोनवर तू ‘हां आई, हां आई’ म्हणत भलतीकडंच बघत असतोस, आणि मला तुझ्याशी पुरतं बोलायचं आहे, म्हणून हे कागद. पत्र आधी बुद्धप्रियाच्या हातात पडेल. सुनेनं वाचलं तरी माझी हरकत नाही, नवऱ्याबद्दल चार गोष्टी तिलाही कळू देत.

त्या संध्याकाळी सामना हरून तू घरी आलास, बूटही न काढता उंबऱ्यावर बसलास आणि विचारलंस, ‘आई, तूच सांग. अजून एक वर्ष खेळू, का आता सोडू?’ बाबा म्हणाले, ‘आरं, आदी चार घास तरी खा की.’ मी ताट वाढायला आत गेले. सकाळच्या गाडीनं तू पुण्याला गेलास, आणि निघताना एवढंच म्हणालास की महिनाअखेरीला क्रिकेट संघटनेला कळवायचं आहे, आई म्हणेल तसं कळवीन. तेहतीस वर्षांचा बाप्या आईला विचारतो आणि आई तोंडात गुळणी धरून बसते, याचं तुला वाईट वाटलं असणार. पण वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला की उत्तर सुचेपर्यंत मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायची, हे तू माझ्याच शाळेत शिकताना बघितलं आहेस. तसंच समज.

मी तुझा एकही सामना बघत नाही हे साऱ्या कुंभारीला ठाऊक आहे. लोकांना वाटतं, मास्तरीणबाईंना क्रिकेटचं वावडं आहे. खरं कारण आपण तिघांनी घराबाहेर जाऊ दिलं नाही, कारण गेलं असतं तर माझी अब्रू गेली असती. जन्मभर मी पोरांना शिकवलं की मांजर आडवं गेलं तर ते त्याच्या कामाला निघालेलं असतं. विहारात पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलायला अजूनही मलाच उभं करतात. आणि बुद्धप्रिया, आता तू ऐक. ह्याचा पहिला सामना टीव्हीवर लागला तेव्हा मी पदर खोचून ऐटीत खुर्चीवर बसले, आणि पहिल्याच चेंडूवर ह्याची दांडी उडाली. दुसऱ्या खेपेला मी चहाचे कप घेऊन आत आले आणि हा झेल देऊन मोकळा. तिसऱ्या खेपेला तर मी नुसता दोरीवरचा टॉवेल घ्यायला डोकावले, हा धावबाद! तुझ्या सासऱ्यांनी मला हात जोडले, ‘बाई, तू बाहीर थांब की. तुझं नाट लागायलंय पोराला.’ कार्यकारणभाव म्हणजे काय, हे मी त्यांना तिथंच समजावून सांगायला हवं होतं. पण पुढच्या सामन्याला मी मुकाट परसात जाऊन भांडी घासायला बसले, आणि ह्यानं शतक ठोकलं. झालं, माझं सगळं शहाणपण मोरीतून वाहून गेलं.

तेव्हापासून, संघपाल, तुझा खेळ मी परसातून ऐकत आले. गल्लीच्या आवाजावरून मला सगळं कळायला लागलं. चौकार गेला की गल्ली एकदम ओरडते. षटकाराला आधी श्वास रोखून धरते आणि मग ओरडते. तू बाद झालास की आधी कुणीच बोलत नाही, मग कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करतं. तू निळा शर्ट घालून भारताकडून उतरलास त्या दिवशी मी घरातली वर्षाची ज्वारी पाखडून, निवडून ठेवली. तो एकच सामना तुला मिळाला, अकरा धावांचा, पण त्या वर्षीच्या भाकरीत कुणाच्या दाताखाली खडा आला नाही. मग तुझा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, वर्षभर तू उजव्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नव्हतास. बरा होऊन आलास तर तुझ्या जागेवर दुसरा बसलेला. खेळाडूंच्या पुढच्या लिलावाच्या दिवशी खेळ नव्हताच, तरी बाबांनी मला परसात बसवलं. तुझं नाव पुकारलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, बोली मात्र कुणाचीच नाही. नंतर गल्ली बराच वेळ गप्प होती, आणि मग टीव्हीचा आवाज कमी झाला. तुझं चढणं आणि उतरणं मी सगळं असं कानांनीच झेललं. डोळ्यांनी बघायची हिंमत झाली नाही.

त्यात तुझा हा सामना सोलापुरातच आला. तीन दिवस बाबा रोज डबा घेऊन पार्क मैदानावर जायचे, आणि मी घरातले डबे घासत बसायची. चौथ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी शेजारची काशम्मा विळा मागायला आली. तिच्या थोरल्याला मी पाढे शिकवले, त्यामुळं ती मला घाबरते असं मला उगाच वाटायचं. तिनं माझ्या हातातली घासणी काढून घेतली आणि म्हणाली, ‘अव्वा, पोरगं आपल्या गावात खेळायलंय आन् तुमी हितं भांडी घासत बसलाव व्हय? ते नाट-बीट काय नसतंय. तुमीच सांगताव की विहारात.’ म्हणजे भिंतीला कान होतेच! मला इतकी लाज वाटली की साडीसुद्धा न बदलता मी तिच्याबरोबर निघाले. जरा वेळ बघून परत येऊ, असं रिक्षात बसताना मी दोनदा बजावलं. बाबा मंडपाच्या बाजूला आपल्या दोस्तांत बसले होते, म्हणून आम्ही दोघी पार पलीकडं, पायऱ्यांवर, डोक्यावर पदर घेऊन बसलो.

तू नुकताच आत आला होतास. फलकावर तुझ्या नावापुढं शून्य होतं. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की आता जिंकायचं नावच नाही, संध्याकाळपर्यंत टिकले तर सामना वाचेल. मला वाटलं होतं की बॅटिंग म्हणजे चेंडू मारणं. इतकी वर्षं मी गल्लीचं ओरडणंच ऐकत आले ना! तो उंच गोलंदाज पार त्या पांढऱ्या पडद्यापासून धावत आला, चेंडू टाकला, आणि तू काहीच केलं नाहीस. बॅट वर उचललीस, चेंडू तुझ्या पोटाजवळून सूंकन गेला, तू मान वळवून त्याच्याकडं बघितलंस. बस्स. पुढच्याला पुन्हा तेच. तिसरा मात्र तसाच आला असं मला वाटलं, तर तू पाय टाकून तो अलगद पायाशी निजवलास. हा सोडायचा आणि हा खेळायचा हे तुला कधी कळतं रे? माझी पापणी लवायच्या आत तुझं ठरवून झालेलं असायचं. तव्यावरच्या भाकरीला चटका न बसता बोट लावायला मला वर्षं लागली, आणि ती भाकरी काही माझ्या अंगावर धावून येत नाही.

जरा वेळाचा तास झाला, तासाची दुपार झाली. मी उठलेच नाही. एक चेंडू तुझ्या बरगडीवर बसला. तो आवाज पायऱ्यांपर्यंत आला, आणि मी काशम्माचा हात एवढा दाबला की तिच्या बांगड्या रुतल्या. तू बरगडी चोळलीसुद्धा नाहीस. दोन पावलं बाजूला गेलास, वर आभाळाकडं बघितलंस आणि परत येऊन उभा राहिलास. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला रडू येईल, पण मी नुसती आ वासून बघत राहिले. हा माझ्या पोटचा, ह्याला मी हातावर छडी मारली की अख्खी शाळा डोक्यावर घ्यायचा, आणि हा इतका गप्प राहायला कुठं शिकला? मागं दोन-तीन टवाळ पोरं बसली होती. त्यातला एक ओरडला, ‘ए संघ्या, मार की रं! चादर विणायलास व्हय?’ मी काही बोलायच्या आत काशम्मा वळली, ‘तू उतर की खाली, बघू तुझी चादर!’ पोरं हसली आणि नंतर, खरं सांगते, हळूहळू गप्प झाली. दुपारनंतर तीही तुझ्याकडं बघायला लागली.

समोरून एकेक गडी बाद होत होता. दर वेळी तू नव्या माणसाला घ्यायला अर्ध्या वाटेवर जायचास, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगायचास. काय सांगत होतास ते मला कधीतरी सांग. जाताना तो माणूस वाकलेला दिसायचा आणि तुझ्याशी बोलून निघाला की ताठ. मी इतकी वर्षं मास्तरकी केली, पण मला हे साधलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चहाच्या सुट्टीनंतर काशम्मानं शेंगाचटणी घातलेली भाकरी माझ्यापुढं केली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी घास मोडायला मान खाली घातली आणि मैदानावर एकदम गलका झाला. वर बघते तर समोरचे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले आणि तू ग्लोव्ह्ज काढतोयस. काशम्मा कपाळावर हात मारून म्हणाली, ‘यव्वा, तुमी खाली बघितलाव आन् ह्यो गेला की वो!’ आणि तुला हसू येईल, पण क्षणभर मलाही तेच वाटलं. मी मान खाली घालायला नको होती! म्हणजे इतकी वर्षं माझ्या बघण्यानं तू बाद होत होतास, आणि आता न बघण्यानं व्हायला लागलास. मी भाकरी हातात धरून एकटीच हसत सुटले. शेजारचे गृहस्थ माझ्याकडं विचित्र नजरेनं बघायला लागले. तू काखेत बॅट मारून मान खाली घालून चाललास. मंडपात बाबा आणि पाच-सात माणसं टाळ्या वाजवत होती. इकडं मी आणि काशम्मा उभ्या होतो, आणि ती टवाळ पोरंही उभी होती. तू वर बघितलंच नाहीस. मग शेवटचे दोघे फार टिकले नाहीत आणि उन्हं असतानाच आपण हरलो.

बाबांच्या आधी घरी पोचावं म्हणून आम्ही रिक्षा केली. तू आलास, उंबऱ्यावर बसलास, आणि तो प्रश्न विचारण्याआधी म्हणालास, ‘दिवसभर उभा राहून एकतीस, आई. आन् हरलोच.’ दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तुझ्यावर एक ओळ होती, तीत एवढाच आकडा. मी त्या संध्याकाळी तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि आई एकतीस धावांसाठी रडतेय असं तू धरून चालला असतास.

तर हे पत्र मी पार्कावर बसले होते एवढं कळवायला लिहिलं आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. खांदा तुझा आहे, बरगडी तुझी आहे, सोसेनासं होईल तिथं थांब. पण आपल्या हातून काही झालं नाही म्हणून सोडणार असशील तर ते खोटं आहे, आणि त्याला मी साक्षीदार आहे. तुझी शतकं कशी होती ते मला ठाऊक नाही, पण त्या एकतीस मी बघितल्या आहेत, आणि एवढी मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांनी मी दुसरी बघितलेली नाही. तू मला विचारलंस म्हणून सांगते, खेळ. हे तुझ्यासाठी नाही, मी माझ्या स्वार्थानं सांगते आहे. बाळा, तुझं सगळं खेळणं परसात गेलं रे माझं, मी आत्ता कुठं बघायला बसले आहे. पुढचा सामना जिथं असेल तिथं मी येणार, आणि डोक्यावरचा पदर काढून, तुला दिसेन अशी समोर बसणार. शून्यावर बाद झालास तर झालास. तुझी आई जागेवरून उठणार नाही.

तुझीच,
आई